चाळीस मिनिटांचं बेट

प्रति,
‘बेटावर एक निवांत दिवस’ या पॅकेजचे मालक,
मुक्काम पोस्ट: मालवणच्या आसपास, ज्याचं त्याने ओळखून घ्यावं.



दिवाळीच्या सुट्टीत धर्माबादहून पाच मित्र तुमच्याकडे आले होते. आठवत नसतील, कारण तुम्ही त्यांना ‘नऊ वाजताची बॅच’ म्हणत होता. एकाची मिरचीची आडत, एकाचं मेडिकल, दोघे मास्तर आणि एक रेल्वेतून निवृत्त. निवांत बसण्यात या पाचांचा हात धरणारं माणूस तालुक्यात सापडायचं नाही. आडतीपुढच्या बाकड्यावर ते बसले, की मनमाडहून निघालेली मराठवाडा एक्सप्रेस धर्माबादला पोचून रिकामी होते, तरी यांच्या कपात चहा शिल्लक असतो. अशा माणसांना तुम्ही निवांतपणा विकलात, तोही ॲडव्हान्स घेऊन! व्यापारात मुरलेल्या आडतवाल्यानेही तुमच्यापुढे हात जोडले आहेत.

तुमच्या जाहिरातीत ‘ट्रॉपिकल आयलंड’ असं लिहिलं होतं. त्यातला ट्रॉपिकल भाग धर्माबादकरांना घरीच फुकट मिळतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नाही. पैसे मोजले ते आयलंडचे. त्या चित्रात दोन माडांना बांधलेला झोका होता, झोक्यात पाय सोडून पडलेला एक गृहस्थ होता आणि शेजारी भरलेलं ताट होतं. त्या गृहस्थाच्या भरवशावर मंडळींनी नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा सुमारे ७०० किलोमीटरचा रस्ता जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून काढला.

खोलीतल्या एसीचा आवाज रेल्वेवाल्याला इंजिनासारखा वाटला आणि त्याला गाढ झोप लागली, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. बादलीचा कान तुटका होता, तेही माफ. सकाळचा चहा गार होता, तो मास्तरांनी माफ केलेला नाही.

आता बेटाकडे येऊ. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, म्हणून नाव ‘सुनामी आयलंड’. भरतीला तिथे पाणी असतं, ओहोटीला वाळू. माड नाही, झोका नाही, जाहिरातीतला तो गृहस्थही नाही. जेट स्की होत्या, बनाना राईड होती, बंपर राईड होती आणि प्लॅस्टिकच्या छत्रीखाली मॅगी शिजत होती. एवढ्याशा वाळूवर माणसं इतकी, की आठवडी बाजार बरा. पण मंडळी चिवट. गर्दीपासून जरा लांब, ओल्या वाळूवर त्यांनी सतरंजी टाकली. रेल्वेवाल्याने बूट-मोजे काढून नीट जोडीने ठेवले. मेडिकलवाल्याने पितळी डबा उघडला: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वर लाल तिखटाचा गोळा. पहिला घास तोंडात, पाय पाण्यात, आणि मास्तरांनी म्हटलं, “आता कसं बरं वाटायलंय बगा.”

तेवढ्यात तुमची शिट्टी वाजली.

“काका, उठा. चाळीस मिनिटां झाली. फुडचो ग्रुप थांबलो हा.”

आडतवाला बोटीवरच्या पोराकडे बघतच राहिला. “अरे, आम्ही आता कुठं बसायलोत!”

भरती चढत असती, तर एक शब्दही काढला नसता. समुद्राशी वाद घालायला कोण जातो? पण पाणी तर अजून उतरतच होतं, वाळू वाढत होती. हुसकत होता तो तुमचा कागद. ९.०० डॉल्फिन, ९.४० बेट, १०.२० फोटो, १०.३० वॉटर स्पोर्ट्स (पैसे वेगळे). डॉल्फिन दिसला, त्यालाही घाई असावी. पाठ दाखवून गेला. नांदेड जिल्ह्यात तहसीलदारसुद्धा जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाही, मालक. जुलै २०१० मध्ये गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंध्रचे चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन धर्माबादेत घुसले. त्यांना अटक झाली, आयटीआयच्या इमारतीत ठेवलं, आणि शेवटी सरकारला त्यांना विमानात बसवून परत पाठवावं लागलं. धर्माबादहून पाहुणा निघता निघत नाही, असा या गावाचा लौकिक. त्या गावच्या माणसांना तुम्ही अर्ध्या घासावरून उठवलंत.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. त्या घाईत तुम्ही मंडळींचा किल्ला खाल्लात.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. हे तुमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. पण मराठवाड्यातल्या माणसाला ते ऐकून काय होतं, याची तुम्हाला कल्पना नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. मिरजेजवळून जाताना रेल्वेवाल्याने जीप थांबवायला लावली आणि स्टेशनाकडे बघून हात जोडले. त्याला समुद्रातल्या त्या विहिरीत एकदा वाकून बघायचं होतं, जमलं तर ओंजळभर पाणी प्यायचं होतं. सगळ्या सहलीत त्याने एवढंच मागितलं होतं. तुमच्या माणसाने धक्क्यावर उभं करून बोट दाखवलं: “तो किल्लो. चला, जेवान गार होता.”

जेवण गार झालेलंच होतं. पनीर बटर मसाला, मंचुरियन आणि ‘मालवणी स्पेशल’ म्हणून बांगड्याची एक तुकडी. सुरमई हवी तर वेगळी मागवायची. तिच्यापुढे कार्डावर किंमत नव्हती, ‘ए.पी.एस.’ एवढंच लिहिलेलं. आकार बघून दर, असा खुलासा वेटरने केला. आडतवाल्याचा धीर तिथे सुटला. धर्माबादच्या बाजारात मिरचीचा ढीग समोर ओतलेला असतो, देठ मोडून बघता येतो, वास घेता येतो आणि भाव चारचौघांत पुकारला जातो. इथे मासा आत, सुरी आत, आकारही आत. बाहेर आलं ते फक्त बिल.

एवढ्यावर हसता येतं. पुढच्यावर नाही.

बोटीत चढताना मेडिकलवाल्याला दिलेल्या लाइफ जॅकेटचा खटका तुटलेला होता. तुमच्या पोराने तिथे सुतळी बांधली. गाठ मजबूत आहे का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “कोण चेक करता?” मालक, २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट बुडाली, दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर जॅकेट, जॅकेट म्हणून सगळ्यांनी गळा काढला. पाच घरची पाच माणसं, त्यांतल्या कुणालाही पोहता येत नाही. पोहता येतं का, हे तुम्ही बुकिंगच्या वेळी विचारलं नाहीत. विचारलं काय, तर व्हेज की नॉनव्हेज. जॅकेटचा खटका बदलायला किती पैसे पडतात? एका मॅगीचे? झोक्याचं चित्र छापायला पैसे होते, खटक्याला नव्हते? या एका गोष्टीसाठी हे पत्र हसत लिहायचं नाही, असं मेडिकलवाल्याच्या घरच्यांचं म्हणणं आहे, आणि त्यांचंच बरोबर आहे.

राग आवरला तो त्याच पोरामुळे. संध्याकाळी धक्क्यावर तो आपला डबा खात बसला होता. मंडळी तोंड पाडून उभी. त्याने डब्याचं झाकण पुढे केलं: भात आणि बांगड्याचं तिखलं, वर चार तिरफळं. आडतवाल्याने बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले. “बेडगी हाय. रंग भारी, पण तिखट कमी पडायलंय.” खिशातून त्याने धर्माबादच्या तिखटाची पुडी काढली. दिवसभरात पाच जण मनापासून जेवले ते तिथे, एकाच डब्यातून, एक-एक घास. शिट्टी खिशात ठेवून पोरगा बोलत होता. त्याचा बाप रापणीवर होता, आणि मालक, तुम्हीही होता. किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढायचं, येईल ती मासळी वाटून घ्यायची. मोठी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. रापणीला मासा लागेना, म्हणून तुम्ही कर्ज काढून बोटी घेतल्या. पाऊस जवळ आला की प्रवासी बोटी किनाऱ्यावर ओढायच्या, त्या ऑगस्ट सरेपर्यंत. हप्ता मात्र पावसाळ्यातही थांबत नाही. राहिलेल्या महिन्यांत सगळं वसूल करायचं, तर चाळीस मिनिटांपेक्षा जास्त कुणाला बसू देणं परवडत नाही.

हे ऐकून मास्तर गप्प झाले. दुसऱ्याने ठरवलेल्या तारखांवर जगणं धर्माबादला नवं नाही. बाभळी बंधाऱ्यात २.७४ टीएमसी पाणी मावतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवावी लागतात. नदी भरून वाहते तेव्हा अडवायचं नाही. दारं पडतात तेव्हा पाऊस गेलेला असतो. उरलंसुरलं अडवायचं आणि त्यातूनही १ मार्चला ०.६ टीएमसी खाली तेलंगणाला सोडायचं.

तेव्हा मालक, ॲडव्हान्स परत मागायचा बेत रद्द झाला आहे. मागण्या दोनच. जॅकेटांचे खटके बदला, आजच. आणि रेल्वेवाला पुन्हा येईल तेव्हा त्याला सिंधुदुर्गात सोडा. तो म्हणेल तेव्हाच परत आणा.

तुम्ही एकदा धर्माबादला यावं, असंही सर्वानुमते ठरलं आहे. अडचण एवढीच, की बाभळीत पाणी साठतं तेव्हा तुमचा सीझन असतो आणि तुम्ही मोकळे असता तेव्हा दारं उघडी असतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात या. तेव्हा गोदावरीत पाणी बेताचं असतं, पण वाळूवाल्यांनी शिल्लक ठेवली असतील तेवढी बेटं जागोजाग उघडी पडलेली असतात. हवं त्या बेटावर सतरंजी टाकू, हवं तितका वेळ बसा. मराठवाडा एक्सप्रेस धर्माबादलाच संपते, त्यामुळे झोप लागली तरी गाव चुकणार नाही. येताना तिरफळं आणावीत, मिरचीचं आडतवाला बघेल.

कळावे,
नऊ वाजताची बॅच, धर्माबाद