झाडं संपतात तिथे

सह्याद्रीत चढताना मराठी माणसाला दम लागत नाही. त्याला वनस्पतिशास्त्र सुचतं. तो कमरेवर हात ठेवून थांबतो आणि शेजारच्या झाडाकडे बघत विचारतो, "हा अंजन का हो?" उत्तर काहीही येवो, दोन मिनिटं मिळतात. आमचे भाऊसाहेब या विद्येत पारंगत.

ऑक्टोबरातल्या पहाटे आम्ही उत्तराखंडातल्या चोपत्याहून चंद्रशिलेच्या माथ्याकडे निघालो. कळसूबाई १६४६ मीटर. चोपता तिच्याहून हजारेक मीटर वर. म्हणजे आमची सगळी फुशारकी गाडीतच संपली होती. वाटेतल्या तुंगनाथाच्या मंदिरापर्यंत साडेतीन किलोमीटरची बांधलेली वाट आहे, खेचरंही मिळतात. भाऊसाहेबांनी खेचर नाकारलं आणि बुरांसाच्या प्रत्येक झाडाची स्वतंत्र चौकशी सुरू केली. बुरांस फुलतो वसंतात. आता नुसती पानं. तरी कौतुक आटेना. शेवटी पुतणी म्हणाली, "काका, मघाचाच आहे हा. आपण पुढे गेलोच नाही."

३३०० मीटरच्या आसपास झाडं संपली. या उंचीवर उन्हाळा इतका थंड आणि तोकडा असतो, की झाडाला खोड वाढवायला सवडच मिळत नाही. पुढे फक्त बुग्याल, म्हणजे डोंगरउतारावरची कुरणं, आणि तीही पावसाळा सरून तांबूस पडलेली. चहूकडे स्वच्छ ऊन. आडोसा नाही, विषय नाही. भाऊसाहेबांनी दोन्ही बुटांच्या नाड्या दोनदा बांधल्या.

तुंगनाथाजवळ गढवाल विद्यापीठाचं उंचावरच्या वनस्पतींचं संशोधन केंद्र आहे, हे कुणीतरी बोललं मात्र, त्यांना हुरूप आला. ते उकिडवे बसले आणि गवताचं पातं निरखू लागले. बसणं शास्त्रीय होतं. उठण्याचं काही जमेना. मॅगी आणि चहा आटोपून वहिनी परत आल्या.

"अहो, गवत आहे ते. उठा."

तुंगनाथ पंचकेदारांतला तिसरा, ३६८० मीटरवर. इथे शंकराचे बाहू प्रकटले म्हणतात. भाऊसाहेबांनी पाय का नाही, असं विचारलं. पुढचा दीडेक किलोमीटर खडा, दगडधोंड्यांचा. चंद्रशिला साधारण ४००० मीटर. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ६० टक्के. ठाण्याच्या फुफ्फुसांना हा हिशेब मान्य नव्हता. रामाने इथे तप केलं अशी कथा आहे. माथ्यावरच्या छोट्या देवळापाशी आम्ही मुकाट बसलो, तेही बघणाऱ्याला तपच वाटलं असतं.

समोर नंदादेवी, त्रिशूळ, चौखंबा. पावसाने धुतलेल्या आकाशात इतकी जवळ, की भाऊसाहेबांची वाचा परतली. "हा चौखंबा का हो?" या वेळी कुणालाही दम लागलेला नव्हता, त्यामुळे उत्तर सगळ्यांनी दिलं.

जायचं तर ऑक्टोबरातच जा, आणि पहाटे. दुपारी ढग येतात. दिवाळीच्या आसपास मंदिराचे दरवाजे बंद होतात आणि तुंगनाथाची डोली हिवाळ्यापुरती खाली मक्कूमठाला जाते. देव पालखीतून उतरतात. तुम्हाला मात्र चालतच उतरावं लागेल, तेव्हा गुडघ्यांना आधी विचारून घ्या.