मशीन आलं, राहायचं कुठे?

एखाद्या जिल्ह्याच्या गावी किरणोपचाराचं मशीन आलं की फीत कापली जाते, पेढे वाटले जातात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आनंदच आहे. मशीन हवंच. पण हा उपचार एका फेरीत उरकत नाही, हे त्या भाषणांत कुणी बोलत नाही. सोमवार ते शुक्रवार, रोज यायचं. तोंडाच्या कर्करोगाला सहा-सात आठवडे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला बाहेरून साधारण पाच आठवडे, शिवाय आतून द्यायचे किरण वेगळे. मशीनखालचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. दिवसाचे बाकीचे तास पेशंटनं काढायचे कुठे?

रोज का, तेही सांगतो. एकदम सगळी मात्रा दिली तर गाठीबरोबर चांगली कातडी, लाळेच्या ग्रंथी, आतडं सगळंच भाजेल. थोडी थोडी दिली की मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. पण मध्ये खाडे पडले तर गाठीच्या पेशीही सावरतात आणि जोमानं वाढतात. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते. गर्भाशयमुखाचा सगळा उपचार आठ आठवड्यांत आटपावा, असं डॉक्टर बजावतात ते यासाठी. एसटी चुकली, पाऊस लागला, सोबतीला कुणी नव्हतं. पेशंटच्या कागदावर हा नुसता खाडा दिसतो. गाठीला मात्र तेवढी सवड मिळते.

तोंडाच्या पेशंटचा मुखवटा बनताना पाहावा. जाळीदार प्लास्टिकची पाटी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर अलगद दाबतात, गार होईपर्यंत धरून ठेवतात. मग रोज तोच मुखवटा घालून डोकं टेबलाला जखडायचं. "मावशी, हलायचं नाही हं. गिळायचं असेल तर आत्ताच गिळून घ्या," टेक्निशियन सांगतो आणि बाहेर जाऊन जाड दार लावून घेतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तोंड आतून सोलवटतं. भाकरी सुटते, तिखट सुटतं, पेज आणि दूधही घोट-घोट. वजन उतरतं, गाल बसतात, मुखवटा सैल होतो. फार सैल झाला तर नवा करायचा, आखणी पुन्हा करायची. अशा माणसाला पहाटे उठवून दोन बस बदलत आणायचं, संध्याकाळी तसंच परत न्यायचं आणि वर सांगायचं, "आजी, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या." कधी द्यायचं?

सवलती आहेत, त्या नाकारत नाही. रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आहे. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेतून निघतो, हा फार मोठा आधार आहे. पण त्या पॅकेजात जेवणाबरोबर प्रवासभाडं धरलंय ते एका वेळच्या परतीचं. रोजच्या तीस-पस्तीस खेपांचं काय? आणि तिकीट फुकट झालं तरी बुडालेली मजुरी कोण देणार? तीही दोघांची, कारण सोबतीला कुणी तरी लागतंच.

बार्शीकडे बघा. १९८७पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांतल्या कर्करोगाची नोंद तिथं होते. देशातली ग्रामीण भागाची ही पहिली नोंदणी. नोंद घेणारी माणसं गावात जाऊन बायांशी बोलायला लागली, तशा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. इतक्या कष्टानं लवकर आणलेली बाई शेवटच्या दिवसापर्यंत टिकायला नको? ती विसाव्या दिवशी घरी गेली आणि परत आलीच नाही, तर नोंदवहीत नाव राहील, बाई राहणार नाही.

गाडगे महाराज मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा कर्करोग रुग्णालयाचे पेशंट वर्षानुवर्षं उतरत आलेत. मुंबईत जे लागतं, ते विभागाच्या रुग्णालयात लागत नाही असं कुणी ठरवलं? "आता जवळच सोय झाली" असं म्हणतात. गडचिरोलीच्या टोकाहून नागपूर जवळ आहे का? तोरणमाळच्या माणसाला नाशिक जवळ आहे का? अशी माणसं रुग्णालयाच्या ओसरीवर, पोर्चमध्ये, झाडाखाली पथारी टाकतात. किरणांनी सोललेल्या मानेवर धूळ आणि डास.

मशीन बनवण्यात आपण कमी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेलं किरणोपचाराचं मशीन, भाभाट्रॉन, आपण व्हिएतनामला भेट दिलं. एवढं जमतं त्या देशाला चाळीस खाटा, मोरी-संडास, एक चूल आणि गरम पाणी जमू नये? मशीनला कोट्यवधी लागतात. त्या मानानं ही खोल्यांची रांग किरकोळ आहे.

म्हणून मागणी एकच. यापुढे किरणोपचाराच्या मशीनला मंजुरी देताना पेशंट आणि सोबत्याच्या मुक्कामाची इमारत त्याच कागदावर, त्याच अंदाजपत्रकात धरा, आणि ती उभी राहिल्याशिवाय फीत कापू नका. जिथं मशीन आधीच सुरू आहे, तिथल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावं: गेल्या वर्षी किती पेशंटनी उपचार अर्धवट सोडला, आणि त्यातले किती बाहेरगावचे होते?