लवकर पेन्शन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी हे वाचू नये. त्यांना महागाई भत्ता आहे, वेतन आयोग आहे आणि चर्चेला त्याहून चांगले विषय आहेत. हे मार्गदर्शन खासगी कंपनीत ज्यांचा पीएफ कापला गेला, त्या पीएफच्या पोटात एक पेन्शनही आहे हे ज्यांना नोकरी सुटल्यावर कळलं, आणि ज्यांचं वय सध्या पन्नास आणि अठ्ठावन्नच्या मध्ये कुठेतरी आहे, अशांसाठी. पिंपरी, अंबड, वाळूज किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातून व्हीआरएस घेऊन घरी आलेल्यांना, आणि त्यांना दिवसभर घरात पाहून कंटाळलेल्या त्यांच्या घरच्यांना, याचा विशेष उपयोग होईल.

नियम एका दमात सांगतो. कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाली. पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. नोकरी सुटली असेल आणि पन्नाशी उलटली असेल तर आधीही घेता येते. मात्र अठ्ठावन्नाला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कापले जातात. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ही कपात भरून येत नाही. ती शेवटपर्यंत सोबत करते. 2008 पर्यंत वर्षाला तीनच टक्के कापत असत, पण त्या वेळी तुमचं वय बसत नव्हतं. आता वय बसतंय तर दर वाढलाय. याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही; पुढे जाऊ.

पहिली पायरी म्हणजे आकडा काढणे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पेन्शनपात्र पगार म्हणजे तुम्ही मेहुण्याला सांगता तो नव्हे. सर्वसाधारण सभासदाला त्यावर मर्यादा आहे: सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये, आणि त्याआधीच्या नोकरीला 6,500. समजा एक गृहस्थ सप्टेंबर 2006 ला कामाला लागले आणि ऑगस्ट 2024 अखेर सुटले. पहिली आठ वर्षं 6,500 च्या हिशेबाने, पुढची दहा 15,000 च्या हिशेबाने. दोन्ही मिळून महिना 2,886 रुपये. आकडा पाहिल्यावर आपलं गणित चुकलं असं वाटतं. पुन्हा करून पाहा. पुन्हा तोच येतो.

आता हे गृहस्थ पंचावन्न वर्षांचे आहेत असं धरू. आज पेन्शन घेतली तर तीन वर्षांचे बारा टक्के जाऊन हाती 2,540 येतील. थांबले तर अठ्ठावन्नाव्या वर्षी 2,886. म्हणजे ज्या प्रश्नापायी गेले सहा महिने घरात कोणी टीव्हीचा आवाज मोठा करू शकलेलं नाही, तो प्रश्न दरमहा 346 रुपयांचा आहे. हे वाचून हसू येत असेल तर तुम्ही अजून नोकरीत आहात. पगार बंद झाल्यावर 346 रुपयांत एक गोष्ट बसते, ती म्हणजे मान.

दुसरी पायरी बरोबरीची. आधी घेतल्याने तीन वर्षांत 91,440 रुपये पदरात पडतात. पुढे दरमहा 346 चा तोटा. तो तोटा या रकमेला गाठायला बावीस वर्षं लागतात, म्हणजे गृहस्थ तेव्हा ऐंशीचे होतील. साध्या टक्केवारीने, व्याज न धरता, याचं एक सोपं सूत्र निघतं: त्र्याऐंशीतून जितकी वर्षं आधी पेन्शन घेतली तितकी वजा करा. उरेल ते तुमचं बरोबरीचं वय. सत्तावन्नाव्या वर्षी घेतली तर ब्याऐंशी, छप्पन्नाव्या वर्षी घेतली तर एक्याऐंशी, पन्नासाव्या वर्षी घेतली तर पंचाहत्तर. त्या वयाच्या आत गेलात तर लवकर घेतली ते बरं झालं. त्यापुढे जगलात तर थांबायला हवं होतं. कपात वर्षागणिक चक्रवाढीने धरली तर ही वयं थोडी पुढे सरकतात, पण ऐंशीच्या आसपास जगायचं की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

इथे आमच्या लक्षात एक गोष्ट आली, जी कोणत्याही आर्थिक सल्लागाराने अजून सांगितलेली नाही. हजार पौर्णिमा पाहायला माणसाला एक्याऐंशी वर्षांना दोन-एक महिने कमी लागतात. म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी पेन्शन घेणाऱ्याची बरोबरी बरोबर सहस्रचंद्रदर्शनाला होते. पन्नाशीत घेणाऱ्याची अमृतमहोत्सवाला. योजना आखणाऱ्यांच्या टेबलावर दिल्लीचे नियम होते की दाते पंचांग, अशी शंका यावी इतकं हे जुळून येतं.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. 'मी किती वर्षं जगेन?' असा प्रश्न मराठी घरात विचारता येत नाही. विचारलात तर बायको म्हणेल, 'भरल्या घरात काय अभद्र बोलता', आणि चर्चा तिथेच संपेल. त्याऐवजी चहाच्या वेळी सहज विचारावं, 'माझं सहस्रचंद्रदर्शन घरी करायचं की हॉलवर?' प्रश्न तोच, पण शुभ. तिने 'हॉलवरच करू, माहेरचे सगळे येतील' असं म्हटलं तर अठ्ठावन्नापर्यंत थांबायला हरकत नाही. 'तोवर हॉलचं भाडं काय होईल कोण जाणे' असं म्हटलं तर तिने महागाईचा मुद्दा काढला आहे, आणि तो तुमच्या वहीत कुठेच नाही.

तो मुद्दा असा: या पेन्शनला महागाई भत्ता नाही. ठरली ती ठरली. आजचे 2,540 आणि पंचवीस वर्षांनंतरचे 2,886 शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी करणं हा शाळेतला हिशेब झाला. बँकेतला हिशेब वेगळा आहे. आधी मिळालेले ते 91,440 रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 495 रुपये व्याज येतं. तोटा 346 चा. म्हणजे ती रक्कम खरोखर बाजूला ठेवली आणि व्याजदर असाच राहिला तर बरोबरीचं वय कधी येतच नाही, शंभर पौर्णिमा जास्त पाहिल्या तरी. गणित इतकं स्पष्ट आहे की त्यावर विश्वास ठेवायला जड जातं. अडचण 'बाजूला ठेवली' या शब्दांत आहे. ही रक्कम ज्या खात्यात येते त्याच खात्यातून गॅस, वीज आणि नातवाच्या वाढदिवसाचं पाकीट जातं. तरीही ती खर्च झाली तर गरजेलाच खर्च झाली. आमचं मत विचाराल तर नोकरीची आशा सोडलेल्या माणसाने पेन्शन घ्यावी. एवढं सांगून हे मार्गदर्शन इथेच थांबवता आलं असतं, पण आजवर कोणीही केवळ गणितावरून पेन्शन घेतलेली नाही.

आशा सोडली नसेल तर गोष्ट वेगळी. पीएफ कापणारी दुसरी नोकरी लागली आणि एक वर्ष टिकली तर पेन्शन महिना 214 रुपयांनी वाढते, शिवाय त्या वर्षाचे चार टक्के वाचतात. दोन्ही मिळून हाती तीनशेच्या वर. पंचावन्नाव्या वर्षी अशी नोकरी कशी मिळवावी, हा वेगळ्या मार्गदर्शनाचा विषय आहे आणि ते लिहायला कोणी तयार होत नाही.

तिसरी पायरी, म्हणजे आपलं वय शोधणे, सर्वांत कठीण आहे. वाचक म्हणतील, वय तर माहीत आहे. आहे का? आपल्या पिढीत महाराष्ट्राच्या शाळांमध्ये निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला होता. आई-वडिलांना तारीख आठवत नव्हती, किंवा आठवत होती पण पहिलीत घ्यायला वय भरत नव्हतं. गुरुजींनी हजेरीपट उघडला, मुलाकडे एकदा पाहिलं आणि 1 जून लिहून टाकलं. आई सांगायची की तू पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. पोळा श्रावणात, गुरुजी जूनमध्ये. वर्षाचाही फरक असू शकतो. थोडक्यात, एक्याऐंशीव्या वर्षीची बरोबरी महिन्यापर्यंत अचूक काढायची, आणि ती मोजायची कुठून, तर एका प्राथमिक शिक्षकाच्या अंदाजापासून. गुरुजींनी वय एका वर्षाने जास्त लावलं असेल तर तुम्ही नकळत चार टक्के कमावलेत. कमी लावलं असेल तर घालवलेत. आधारवर वेगळी तारीख असेल तर त्यावर विसंबू नका. जन्मतारीख दुरुस्तीसाठी पीएफ कार्यालयाने 2024 मध्ये आधारला पुरावा मानणं बंद केलं. शाळेचा दाखला चालतो. पन्नास वर्षांनंतर शेवटी गुरुजींचाच शब्द खरा.

ज्यांच्याकडे पत्रिका आहे त्यांनी ती काढू नये. पत्रिकेत आयुर्मान एका जन्मवेळेवरून काढलेलं असतं, पीएफमधलं वय दुसऱ्या तारखेवरून. दोन्ही एकत्र केली तर माणूस पेन्शन सुरू व्हायच्या आत जातो किंवा शंभरीपार जगतो, आणि त्या दोन्हीसाठी अर्ज एकच आहे.

यानंतर सल्ला घ्यावा, कारण सल्ला न घेता घेतलेला निर्णय आपल्याकडे निर्णय धरत नाहीत. सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी असतात. ते म्हणतील, 'अजिबात घेऊ नका, कायमचं नुकसान.' त्यांना स्वतःची पेन्शन किती हे मात्र विचारू नका, ते सांगतात. मेहुणा म्हणेल की पैसे काढून शेअरमध्ये टाका. दहा वर्षांवर नोकरी भरल्यावर ही रक्कम एकदम काढता येत नाही, हे त्याला ठाऊक नसतं आणि सांगून पटत नाही. जुन्या कंपनीतल्या मित्रांच्या ग्रुपवर रोज एक बातमी फिरते की किमान पेन्शन 7,500 होणार, दोन महिने थांबा. 2014 मध्ये किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली. 7,500 आणि वर महागाई भत्ता ही मागणी खरी आहे आणि साधी आहे; त्यासाठी बुलढाण्यात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली. त्यांची थट्टा या लेखात होणार नाही. पण 'होणार आहे म्हणे' यावर आपला अर्ज लांबवू नये. दर फेब्रुवारीत, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही एका वर्षाने मोठे झालेले असता.

बायकोचा सल्ला शेवटी घेतला जातो, तो पहिला घ्यायला हवा, कारण या निर्णयासोबत जास्त काळ तीच राहण्याचा संभव आहे. तुमच्या पश्चात तिला तुमच्या पेन्शनच्या निम्मे मिळतात. थांबलात तर 1,443, आत्ता घेतली तर 1,270. तुम्ही बरोबरीचं वय, व्याज, चक्रवाढ यांची चार पानं भरलेली असतात. ती वही बाजूला सारून विचारते, 'पण मग लोकांना काय सांगायचं?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मुलीचं लग्न ठरवायचं आहे. 'वडील काय करतात?' याचं आजचं उत्तर 'कन्सल्टन्सी' असं आहे. पेन्शन सुरू झाली की ते 'पेन्शनर' होईल, आणि पंचावन्नाव्या वर्षी पेन्शनर म्हटल्यावर समोरची मंडळी आधी प्रकृतीची चौकशी करतात. कित्येकांनी केवळ या कारणासाठी मुलीच्या लग्नापर्यंत अर्ज थांबवला असेल. त्या लग्नाच्या खर्चात या कपातीची पुढची अनेक वर्षं मावतात, पण तो हिशेब मांडवात कोणी करत नाही.

उलट्या स्वभावाच्या माणसांसाठी योजनेत सोय आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी न घेता साठीपर्यंत थांबलं तर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. त्यांची बरोबरी पंच्याऐंशीला होते. ही सोय घेणारी माणसं आम्ही पाहिलेली नाहीत. बहुधा ती व्यायाम करत असतात.

निर्णय झाला की फॉर्म 10-डी. तो ऑनलाइन भरता येतो. आधार, पीएफ आणि बँक तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं; नसेल तर आधी ते जुळवून घ्या, त्यात कधी कधी इतके महिने जातात की लवकर पेन्शनची वेळेवरची पेन्शन होऊन जाते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. उमेदीची वर्षं मशीनवर काढलेल्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. त्यांच्यासाठी आता मोबाइलसमोर चेहरा दाखवायची सोय आहे. आपल्या गृहस्थांना बरोबरी गाठायला असे पंचवीस दाखले द्यावे लागतील. फोटोत हसू नये.

फॉर्ममध्ये कपातीची पेन्शन कोणत्या तारखेपासून हवी ते लिहायचं असतं. तारीख तुम्ही ठरवायची आहे, आणि सगळ्या व्यवहारात पीएफने तुम्हाला दिलेला हा एकमेव हक्क आहे, म्हणून तो घरात कोणालाही सांगू नये. सांगितलात तर कॅलेंडर भिंतीवरून खाली येईल. त्यातून सुचवलेली तारीख पितृपक्षात येत असेल तर वाद न घालता पंधरा दिवस पुढे न्या. बाराशे सत्तर रुपये जातील.