फराळाचं खातं

देशाबाहेर कोण गेलं याची नोंद ठेवण्याची सरकारी तऱ्हा न्यारी. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेला लालबागचा गडी आखातात मजुरीला निघाला, तर करार दाखव, विमा काढ, परवानगी आण. दादरचा इंजिनियर टेक्सासला निघाला, की त्याच खात्याला डुलकी लागते. विमानतळावर पूर्वी एक कार्ड तरी भरावं लागे. 1 जुलै 2017 पासून भारतीयांना तेही माफ. उरली जनगणना. 2011 साली प्रगणक 9 ते 28 फेब्रुवारी फिरले. गिरगावच्या चाळीत कुलूप दिसलं, की पुढची खोली. आणि 2021 ची गणना? ती 2027 वर गेली.

केरळात तिरुवनंतपुरमच्या अभ्याससंस्था 1998 पासून घरोघर जाऊन विचारतात: कोण गेलं, कुठे गेलं, कोण परतलं. आपल्याकडे हे खातं दादरच्या फराळवाल्याकडे आहे. परदेशातल्या मुलाला पार्सल पाठवणाऱ्या काकूंकडून तो दिवाळीच्या महिनाभर आधीच फॉर्म भरून घेतो: नाव, पत्ता, झिपकोड, फोन. गेल्या वर्षी न्यू जर्सी, यंदा सिएटल, म्हणजे नोकरी बदलली. ‘चिवडा कमी तिखट’, म्हणजे नातवंड खायला लागलं. यंदा पार्सलच नाही, म्हणजे एकतर मुलगा परत आला, नाहीतर काकूंशी बोलणं बंद. फराळवाला तेवढं विचारत नाही. माहितीची गोपनीयता म्हणतात ती हीच.

दिल्लीहून कुणी वही बघायला आलंच, तर आधी कूपन घ्यावं. रांग पार नाक्यापर्यंत आहे.