कसबे चांदा येथील बंदर

ज्या गावची झरपट नदी उन्हाळ्यात म्हशीची पाठही पुरती भिजवू शकत नाही, त्या चांद्याच्या रहिवाशाने नौकानयनाविषयी लिहावे, हे देशावरच्या माणसाने नारळीपौर्णिमेवर व्याख्यान देण्यासारखे आहे, ही गोष्ट मला मान्य आहे. तथापि या अपराधाचे मूळ माझ्यात नसून माझ्या बहिणीच्या मुलात आहे. हा भाचा कॅलिफोर्नियात इंजिनियर असून, १९८६ च्या नोव्हेंबरात त्याने आपल्या तीस फुटी शिडाच्या होडीतून मेक्सिकोच्या पश्चिमेस असलेल्या कॉर्तेझच्या समुद्रात सफर केली, मग ती होडी ग्वायमासच्या बंदरात बांधून ठेवून तो बसने व आगगाडीने त्या देशाच्या अंतर्भागात हिंडला, आणि या सर्वाचा वृत्तान्त त्याने मला आठ पानी पत्रात कळविला. होडीच्या नाळेपुढे उड्या मारणारे डॉल्फिन, चिहुआहुआच्या डोंगरांतून बोगद्यामागून बोगदे काढीत १९६१ साली पुरा झालेला लोहमार्ग, मक्याच्या पातळ भाकरीत गुंडाळून खाल्लेले मिरचीचे झणझणीत कालवण, आणि पितरांच्या सणाला घरोघर व कबरीकबरीवर वाहिलेली झेंडूची फुले, असे सगळे साग्रसंगीत वर्णून शेवटी त्याने विचारले होते, "मामा, तुमच्या जंगलात यातले काय आहे?"

कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची एक खोड असते: जिव्हारी लागेल असे काही कोणी बोलले, तर चिडण्यापूर्वी तो मागील कागद पाहतो. मीही पाहिले, आणि जे हाती लागले त्याने माझी छाती दोन इंच रुंदावली. कारण आमचा हा चांदा मुलूख आगबोटीने समुद्राशी जोडण्याचा मनसुबा एके काळी प्रत्यक्ष सरकारने रचला होता. गोदावरीवर धवळेश्वरम येथे १८५२ साली बंधारा पुरा करून ज्यांनी तेलुगू मुलुखात जवळजवळ देवत्व मिळविले, त्या आर्थर कॉटन साहेबांचे ठाम मत असे, की हिंदुस्थानास लोखंडी रुळांपेक्षा पाण्याचे रस्ते स्वस्त पडतील. आणि त्या मताला अनुसरून कॅप्टन हेग नावाचे इंजिनियर गोदावरीतून प्राणहिता व प्राणहितेतून वर्धा असा जलमार्ग खुला करण्याच्या कामावर रुजू झाले. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा हिंगणघाटचा कापूस होडीत घालून थेट पूर्वकिनाऱ्यावर उतरवावा, या कल्पनेला सोन्याचे मोल आले. अडचणी काय त्या तीनच: दुम्मागुडेमचे खडक हा पहिला अडसर, इंद्रावतीच्या संगमाकडील इंचमपल्लीचे खडक हा दुसरा, आणि आमच्या अहेरीकडील देवलमरीचे खडक हा तिसरा. पहिल्यापाशी बंधारा झाला, कालवाही झाला. परंतु तिन्ही अडसर दूर होण्याच्या आतच १८६७ साली नागपुरास आगगाडी येऊन उभी राहिली, आणि १८७१ च्या ऑक्टोबरात सरकारने सारे प्रकरण दाखलदप्तर केले.

म्हणजे कसबे चांदा हे बंदर होता होता राहिले, आणि राहिले ते केवळ तीन ठिकाणच्या खडकांमुळे. आता खडक हे सामान्य माणसाला कायमचे कारण वाटत असेल, पण कारकुनाला ते तसे वाटत नाही. त्याच्या अनुभवात कोणतीही अडचण योग्य शेरा मारला की दूर होते. ब्रिटिश सरकारने अर्धवट टाकलेले काम आपण तडीस न्यावे, निदान देवलमरीच्या वरच्या अंगापासून सिरोंच्यापर्यंत तरी प्राणहितेतून शीड लावून जावे, आणि मग भाच्यास उत्तर लिहावे, असा मी निश्चय केला. कुटुंबाला हा बेत सांगितला, तेव्हा ती निवडीत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "इरईच्या पुलावरून खाली पाहिलं तरी तुम्हांला घेरी येते. समुद्रावर जाताना लिंबू घेऊन जा."

लिंबाबरोबर मी माझ्या मेहुण्यांनाही घेतले. ते जंगलखात्यात नाकेदार होते व नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची ख्याती अशी, की उभ्या सागवानाकडे नुसती नजर टाकून ते झाड किती घनफूट भरेल हे बिनचूक सांगत. मात्र त्याच झाडाआड उभे असलेले अस्वल त्यांना कधी दिसत नसे, आणि त्यामुळे त्यांच्या नोकरीतील बहुतेक सर्व बढत्या त्यांना झाडावर बसलेल्या स्थितीतच कळल्या. सामानात वळकटी, कंदील, चिवड्याचा डबा, तांब्या आणि शिडाचे कापड म्हणून माझे नागपुरी काठाचे एक नवे धोतर, एवढेच होते.

चांद्याहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करीत बस आलापल्लीकडे निघाली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. त्यामुळे ज्या गावांच्या नोंदी मी निम्मे आयुष्य चांद्याच्या दप्तरात ठेवल्या, ती गावे खिडकीतून आता परक्यासारखी पाहताना, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींच्या दारावरून जावे तसे मला वाटत होते. मेहुणे मात्र उत्साहाने ऐन, बीजा, धावडा, मोह असा एकेका झाडाचा परिचय करून देत होते. आलापल्लीजवळ सरकारने जुन्या, प्रचंड झाडांचा एक तुकडा कुऱ्हाड न लावता राखून ठेवला असून त्यास वनवैभव म्हणतात. त्याचा विषय निघताच त्यांचा कंठ दाटून आला, आणि त्या भावनेच्या भरात शेजारच्या बाईच्या मांडीवरील कोंबड्याने त्यांचा चष्मा चोचीत धरला, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. तो चष्मा बाईने परत दिला, पण कोंबडा पुढील सर्व प्रवासभर मेहुण्यांकडे, हक्काची वस्तू जप्तीत गेलेल्या कुळाच्या नजरेने पाहत राहिला.

प्राणहितेच्या काठच्या एका लहानशा गावी आम्हांस एक वृद्ध ढीवर भेटला. त्याचा डोंगा म्हणजे एका खोडाला कोरून केलेले, माणसाने आडवे पडावे की बसावे याचा निर्णय न झालेले एक लांबट भांडे होते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ११३ किलोमीटर वाहून ती गोदावरीस मिळते. पावसाळ्यात तिचे पात्र पाहून छाती दडपते, परंतु मार्गशीर्षात ती वाळूच्या पसाऱ्यातून तीन-चार धारांनी अशी जात होती, की मोठ्या घरातील वाटण्या झाल्यावर प्रत्येक भावाने वेगळी चूल मांडावी.

"कुठं जाता, बाबूसाहेब?" नावाड्याने विचारले.

"समुद्राकडे," मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो.

त्याने क्षणभर विचार केला. "थो कोन्या तालुक्यात येते?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या प्रश्नाला उत्तर नाही असा हा पहिलाच प्रश्न मला भेटला होता. मी विषय बदलून बांबूची एक काठी उभी करविली, तिला आडवी दुसरी बांधली आणि तीवर धोतर चढविले. उत्तरेचा वारा सुटला होता, धोतर फुगले, डोंगा खरोखरच पुढे सरकला, आणि सुमारे पाच मिनिटेपर्यंत कॅप्टन हेग, कॉटन साहेब आणि माझा भाचा हे तिघेही काठावर उभे राहून टोप्या हलवीत आहेत, असा मला भास झाला. पत्राचे पहिले वाक्यही मी मनाशी जुळवू लागलो होतो. इतक्यात वाऱ्याने आपले मत बदलले, धोतर काठीवरून सुटले आणि त्याने मेहुण्यांना डोक्यापासून कमरेपर्यंत गुंडाळले. ज्या माणसाला आयुष्यात एकही अस्वल वेळेवर दिसले नाही, त्याला ते नेमके या वेळी दिसावे, हा दैवाचा खेळ! ते "अस्वल! अस्वल!" असे ओरडत उभे राहिले, आसपास झाड नसल्यामुळे त्यांनी मला धरले, आणि डोंग्यात प्राणहितेची पाचवी धार सुरू झाली.

चिवड्याच्या डब्याने पाणी उपसून आम्ही पुढे गेलो. आणखी काही वेळाने पात्रात काळे खडक वर डोकावू लागले, पाण्याचा आवाज बदलला, आणि नावाड्याने बांबू रोवून डोंगा थांबविला. "झालं, बाबूसाहेब. इथून फुडं पानी कमी, गोटे जास्त." देवलमरीचा सुप्रसिद्ध तिसरा अडसर तो हाच. ज्या खडकांनी एका साम्राज्याच्या मनसुब्याला दहा वर्षे धाक घातला, त्यांनी मला अडीच तासांत थोपविले. वेळेच्या काटकसरीत तरी मी साम्राज्याच्या पुढे होतो. मेहुण्यांनी त्या खडकांकडे पाहून ते किती घनफूट भरतील हे सांगितले, पण त्याचा तूर्त काही उपयोग नव्हता.

"तुम्ही कधी या नदीने पार खालपर्यंत गेला नाहीत का, मामा?" मी नावाड्यास विचारले.

"खाली कायले जाऊ?" तो आश्चर्याने म्हणाला. "लेक तं पल्याड देली हाय."

त्या वेळी मला वाटले, म्हाताऱ्याला माझा प्रश्न समजला नाही. धोतर मी त्याला देऊन टाकले, कारण त्यास पाहताच मेहुण्यांचा जीव अजून घाबरा होत होता.

पुढचा प्रवास खुष्कीचा. बैलगाडीने अहेरी, अहेरीहून आलापल्ली, आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटर जंगल कापीत सिरोंचा. या गावात पाऊल टाकताना माझ्यासारख्या माणसाचे अंतःकरण भरून यावे, कारण आज तालुक्याचे असलेले हे ठिकाण १८६० पासून १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. आगबोटींची वाट पाहत येथे डेप्युटी कमिशनर बसत, आणि आगबोटींचे स्वप्न विरल्यावर तीन वर्षांतच तो जिल्हाही विरला. सिरोंच्याहून बाहेर पडून खरोखर दूर गेलेला असा रहिवासी मला एकच आढळला. तो म्हणजे या तालुक्यातील पोचमपल्लीजवळ सापडलेला बारापासॉरस नावाचा प्रचंड डायनोसॉर. त्याची हाडे शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास खणून काढली, १९७५ साली त्याचे नामकरण होऊन त्यात रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव गोवले गेले, आणि आज तो कलकत्त्याच्या संग्रहालयात उभा आहे. अर्थात त्याच्याजवळ वेळ भरपूर होता.

दुसऱ्या दिवशी कालेश्वराच्या दर्शनास पलीकडे जावयाचे होते. तेव्हा तेथे पूल नव्हता. दोन डोंगे शेजारी बांधून त्यांवर माणसे आणि माल पलीकडे नेत. आमच्या त्या जोडडोंग्यात झेंडूच्या माळा घातलेला एक नवरदेव व त्याचे वऱ्हाड, दोन सायकली, एक शेळी, एक शाळामास्तर, तेलुगूत भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्या आणि त्यांची मराठीत समजूत घालणारा त्यांचा पुतण्या, इतकी मंडळी होती. मला बसावयास सुक्या मिरच्यांचे पोते मिळाले. नदीच्या मध्यावर मला एक शिंक आली, दुसरी आली, तिसरी आली. आणि सातव्या शिंकेबरोबर, वडाखाली बसलेल्या साधूंना जसा व्हावा तसा, मला साक्षात्कार झाला.

ज्या पोत्यावर मी बसलो होतो त्या मिरचीचे मूळ गाव मेक्सिको! नवरदेवाच्या गळ्यातील झेंडूचेही मूळ गाव तेच! मिरची पोर्तुगीजांच्या शिडाच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आमच्या किनाऱ्यावर उतरली, तेथून घाट चढली, जंगल ओलांडले आणि कोणाही कॅप्टनाची वाट न पाहता सिरोंच्यास येऊन सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात नोंदली गेली. झेंडूही असाच आमच्या दसऱ्याच्या तोरणात येऊन बसला. माझा भाचा तीस फुटी होडीतून जो प्रवास करून दमला, तो या दोघांनी चारशे वर्षांपूर्वी, शिवाय परतीचे तिकीट न काढता केला होता.

आणि त्याच वेळी देवलमरीचा नावाडीही मला कळला. साहेबांनी ही नदी नकाशावर पाहिली, आणि नकाशावर नदी लांब दिसते; म्हणून त्यांना तिच्या लांबीचा मोह पडला. काठावरचा माणूस तिला उभा राहून पाहतो, आणि उभ्या माणसाला ती रुंद दिसते. पलीकडे त्याची लेक दिलेली असते, सून आणलेली असते, देव असतो, बाजार असतो. राज्याची हद्द पात्रातून जाते हे त्याला ठाऊक असते, पण सोयरिकीचा व्यवहार हद्दीच्या परवानगीने चालत नाही. लांबीचा जलमार्ग सरकारला दहा वर्षांत साधला नाही; रुंदीचा जलमार्ग कोणत्याही मंजुरीवाचून रोज चालू होता, आणि त्याचे त्या दिवशीचे शुल्क माणसास, सायकलीस व शेळीस मिळून नावाडी मनाला येईल तसे ठरवीत होता.

कालेश्वरास एकाच पीठावर कालेश्वर आणि मुक्तेश्वर अशी दोन लिंगे आहेत, आणि गोदावरी व प्राणहितेच्या संगमात तिसरी सरस्वती गुप्तपणे मिळते असे भाविक मानतात. मेहुण्यांनी विचारले, "सरस्वती दिसत का नाही?" मी म्हणालो, "कारकुनांच्या मुलुखात ती गुप्तच राहते." त्यांना हे पटले.

घरी येऊन मी भाच्यास उत्तर लिहिले: "चि. यास अनेक आशीर्वाद. आमच्या जंगलात यातले काय आहे, अशी पृच्छा केलीस; तरी कळविण्यात येते की, त्यातील मिरची व झेंडू या दोन बाबी आमच्याकडे फार पूर्वीच दाखल झाल्या असून उत्तम स्थितीत आहेत. समुद्र मात्र कोणत्या तालुक्यात येतो, याची चौकशी चालू आहे." खाली पत्ता लिहिताना 'कसबे चांदा' या शब्दांपुढे मी 'बंदर' असे घातले, आणि मग संकोचून खोडले.

पत्र पेटीत टाकून आलो तो कुटुंबाने नव्या धोतराची चौकशी केली. ते ब्रिटिश सरकारच्या अपुऱ्या कामी खर्ची पडले, असे मी सांगितले. होळीच्या सुमारास मेहुणे काही कामाने पुन्हा त्या बाजूस गेले होते. त्यांनी सांगितले, की धोतर नावाड्याच्या दारासमोर वाळूवर अंथरलेले असून त्यावर मासोळ्या वाळत होत्या, आणि त्या वाळल्या की लेकीकडे पलीकडे जायच्या होत्या.