सुट्टी संपली, शाळा सापडेना

दिवाळीची सुट्टी संपली की ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरलेल्या जागी हजर व्हायची सक्ती महाराष्ट्रात फक्त मुलांवर आहे. बाकीची शाळा यथावकाश येते.

दिल्ली-लखनौकडे थंडीची सुट्टी धुक्याच्या मर्जीवर चालते. रात्री दहाला आदेश निघतो आणि सकाळी पोरं पुन्हा रजईत. आपल्याकडे थंडीला तेवढी ऐपत नाही, म्हणून आपण हिवाळी सुट्टी दिवाळीला लटकवून मोकळे झालो. दोन-तीन आठवडे किल्ले, फटाके, फराळ. मग सरकारी भाषेत ‘द्वितीय सत्र’ सुरू. या सत्राची पहिली सकाळ बघण्यासारखी असते. कंपासपेटीत उरलेल्या टिकल्या, डब्यात उरलेल्या शंकरपाळ्या आणि दप्तरात ती वही, जिच्यावर ‘दिवाळीचा अभ्यास’ असं ठळक अक्षरात लिहून खाली रंगीत पणती काढलेली असते. पणतीला दोन तास लागलेले असतात. अभ्यासाला एक रात्र.

रोज एक पान शुद्धलेखन, पाढे आणि चार गणितं हा सुट्टीचा करार. वही उघडली की तारखा बदलत जातात, शाई मात्र बदलत नाही. पहिल्या पानावरचं अक्षर टपोरं. भाऊबीजेच्या पुढे ते उजवीकडे कलतं आणि शेवटच्या पानावर तर एसटी चुकू नये म्हणून पळत सुटतं. मधल्या एका पानावर चिवड्याच्या तेलाचा डाग असतो, आणि अख्ख्या वहीत त्या दिवशीचा म्हणता येईल असा पुरावा तेवढाच. तारखेगणिक पेन बदलायची अक्कल ज्याला आत्ताच सुचली, त्याला पुढे प्रशासनात मागणी आहे. बाई-गुरुजीही वहीच्या शेवटी ‘तपासले’ असं लिहून सही ठोकतात. चाळीस वह्यांवर, एकाच बैठकीत, एकाच शाईनं. दोन्ही बाजूंनी करार पाळला गेला, कुणाची तक्रार नाही.

तर मुलं आली. आता शाळेचं बघू.

२०२५च्या दिवाळीनंतरचं कॅलेंडर समोर धरावं, कारण असा सुबक नमुना पुन्हा मिळायचा नाही. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्या शिक्षकांच्या सेवेला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची. महाराष्ट्रातली टीईटी २३ नोव्हेंबरला होती. म्हणजे शाळा उघडल्यावर अवघ्या काही आठवड्यांत. त्यामुळे त्या दिवाळीत अनेक घरांत पोरगं किल्ल्यावर मावळे मांडत होतं आणि वीस वर्षं वर्गात उभं राहिलेले गुरुजी ओसरीवर बालमानसशास्त्राचे वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवत होते. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, खुल्या गटाला साठ टक्के. सुट्टीनंतर वर्गात फळ्याच्या दोन्ही बाजूंना परीक्षार्थीच उभे असण्याचा हा योग दुर्मीळ.

परीक्षा आटोपते तोच २ डिसेंबरला नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान. मतदानाआधी प्रशिक्षण, मग साहित्यवाटप, मग प्रत्यक्ष ड्युटी. ती संपते न संपते तोच ५ डिसेंबरला टीईटीची सक्ती आणि संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष यांविरोधात शिक्षक संघटनांचं शाळा बंद आंदोलन. काही ठिकाणचं मतदान लांबलं होतं, ते २० डिसेंबरला, मतमोजणी २१ला. तेवढ्यात महापालिकांची निवडणूक लागली, मतदान १५ जानेवारीला. यातून जो वेळ उरला त्यात सहली आणि गॅदरिंगं. १० फेब्रुवारीला तर बारावीची लेखी परीक्षा सुरू झाली आणि २० फेब्रुवारीला दहावीची. सगळ्या तारखा प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला आल्या नसतील हे खरं. पण प्रत्येक तारखेला कुणाचा तरी वर्ग शेजारच्या वर्गात ‘एकत्र’ बसला. जोडवर्ग हा शब्द शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात पद्धत म्हणून येतो. इथं तो नाइलाज म्हणून राबवला जातो.

यात बेकायदा काही नाही, हीच तर गंमत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २७ सांगतं की शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपू नये. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. विधेयक लिहिणाऱ्याला वाटलं असावं, हे तिन्ही प्रसंग अधूनमधून येतात. आता निवडणुका स्थानिकपासून संसदेपर्यंत कुठल्या ना कुठल्या पायरीवर चालूच असतात. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं पूर पाहिला. आणि रखडलेली जनगणना २०२६ मध्ये घरयादीनं सुरू होऊन २०२७च्या फेब्रुवारीत डोकी मोजणार. तीन अपवादांनी मिळून नियमाला चारी बाजूंनी वेढलं आहे. नियम मात्र जिवंत आहे, पुस्तकात.

याआधीच्या वर्षी, २०२४ला, विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. सुट्टी संपून शाळा कुठं रुळावर येत होत्या, तोच पत्र निघालं की ज्या शाळांतले शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले आहेत, तिथं १८ आणि १९ला मुख्याध्यापकांनी आपल्या पातळीवर सुट्टीचा निर्णय घ्यावा. पत्रातला ‘ज्या’ हा शब्द व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत गळून पडला. तीन दिवस सगळ्या शाळा बंद, अशी बातमी घरोघर गेली. मग सरसकट सुट्टी नाही, असा खुलासा शिक्षण विभागाला करावा लागला. खुलासा सुट्टीपेक्षा हळू चालतो. पोरांनी पहिली बातमी वाचून दप्तरं केव्हाच खुंटीला टांगली होती.

निवडणूक नसते त्या दिवशी माहिती असते. मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर केंद्रप्रमुखांचा निरोप सकाळी अकराला येतो: ‘अति तातडीचे. सोबतच्या तक्त्यात माहिती आजच दुपारी बारापर्यंत सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक असे कळवावे.’ एकशिक्षकी-द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजेच वर्गशिक्षक, तेच लिपिक, खिचडीचे तांदूळ मोजणारेही तेच. मग तिसरी-चौथीला ‘धडा वाचा, प्रश्न लिहा’ असं सांगून गुरुजी रेंज मिळते त्या खिडकीपाशी उभे राहतात. यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर नाव एक, आधारवर दुसरं. ती दोन जुळल्याशिवाय ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक निघत नाही. ‘श्रीकृष्ण’ आणि ‘श्रीक्रष्ण’ यांतला फरक मुलाला शुद्धलेखनात कळला नाही तरी चालतं, पोर्टलला कळतो.

त्यात दुसरं सत्र म्हणजे दिनविशेषांचं सत्र. बालदिन, संविधान दिन, महापरिनिर्वाण दिन, सावित्रीबाई फुले जयंती, जिजाऊ जयंती, मग १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, प्रजासत्ताक दिन. हे दिवस साजरे व्हायलाच हवेत, त्यावर वाद नाही. वाद आहे तो फोटोंवर. प्रतिमेला हार, तीन मुलं भाषण करताना, बाकीची टाळ्या वाजवताना, आणि मागं फलक असा की वरिष्ठांना झूम न करता वाचता यावा. सावित्रीबाईंनी शिकवलं तेव्हा त्यांच्या अंगावर शेण पडलं. फोटो अपलोड झाला नाही म्हणून खुलासा मात्र कुणी मागितला नव्हता.

थंडीचा विचार सरकारनं केलाच नाही असंही नाही. २०२३च्या डिसेंबरात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेची काळजी व्यक्त केली आणि २०२४च्या फेब्रुवारीत निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला होता. फक्त एकाच इमारतीत दोन पाळ्या, एकाच बसच्या दोन फेऱ्या, यांचं गणित त्यात सोडवलेलं नव्हतं.

गणवेशाचं तर सोडाच. २०२४-२५ला ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. आलं म्हणजे घोषणेत. कापड मध्यवर्ती खरेदीतून, शिलाई बचत गटांकडून, अशी साखळी ठरली आणि जूनमध्ये अंगावर चढायचे कपडे कित्येक शाळांत दिवाळी जवळ आली तरी पोचत होते, कुणाला आखूड, कुणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आलं, म्हणजे जिथून काढलं होतं तिथंच. पाठ्यपुस्तकांचीही तीच कथा. २०२३ मध्ये पुस्तकांचे चार भाग करून त्यांत वहीची कोरी पानं जोडली, वर छापलं ‘माझी नोंद’. हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा. मुलं पुस्तकासोबत वहीही आणत राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं काढून टाकायचा निर्णय झाला. त्या पानांवर सगळ्यांत मोठी नोंद कुणाची झाली असेल, तर ती कागदाच्या खर्चाची.

या साऱ्यात वर्गातली काही बाकं मात्र खरोखरच रिकामी असतात. बीड, जालना, पाथर्डी या पट्ट्यात दिवाळी आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांना चिकटून येतात. २०२५-२६चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून ठरला होता. शाळांचं दुसरं सत्रही त्याच सुमाराला. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं भरून टोळी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा थेट कर्नाटकात निघते. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुलं गावात राहतात. नसतील तर सहावीतली पोरगी फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, वाढ्याच्या पेंढ्या बांधू लागते. तिची दिवाळीची सुट्टी पाडव्याच्या आसपास संपते. अभ्यास तिलाही दिलेला असतोच. रोज पहाटे चारला, थंडीत, न चुकता.

तिच्यासाठी योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह आहे, बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं कुठलाही दाखला न मागता वर्गात बसवून घ्यायचं. कल्पना उत्तम. अडचण एवढीच की टोळी फडाबरोबर हलते आणि शाळा हलत नाही. आज इथं, पंधरा दिवसांनी वीस किलोमीटरवर. गावातल्या हजेरीपटावर तिचं नाव कायम असतं, कारण पट घटला तर शिक्षकाचं पद जातं. ती नसते, तिचा पट असतो. संचमान्यतेला तेवढं पुरतं.

आता कायद्याचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत. दरवर्षी हे दिवस कागदावर भरतात. शाळा उघडी होती, घंटा वाजली, हजेरी झाली, खिचडी शिजली, म्हणजे दिवस भरला. वर्गावर कोण होतं, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

तो रकाना पालकांना भरता येईल. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. दिवाळीनंतर होईल त्या पहिल्या बैठकीत चहा यायच्या आधी एक ठराव मांडावा: शाळा उघडल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपल्या पोरांच्या वर्गात त्यांचे शिक्षक प्रत्यक्ष किती दिवस होते आणि नव्हते तेव्हा कुणाच्या आदेशानं नव्हते, याची माहिती तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावी. अति तातडीनं. आणि निरंक असल्यास निरंक असे कळवावे.