हलकं रान

नगर जिल्ह्यात सोयरीक जुळवताना मुलाच्या शिक्षणाआधी रानाची चौकशी होते. रान भारी की हलकं, या एका प्रश्नात पाटपाणी, ऊस, घरावरचा स्लॅब आणि मुलाच्या बापाच्या बोलण्यातला ठेका, सगळं येऊन जातं. कोपरगाव-राहात्याकडचा माणूस ‘भारी’ म्हणताना आवाज जरा खाली उतरवतो, घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसा. पारनेर-पाथर्डीचा माणूस ‘हलकंच आहे जरा’ म्हणतो, आणि त्यातलं ‘जरा’ इतकं लाजतं की त्याला बसायला पाट द्यावासा वाटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने या लाजेला सरळ मोजपट्टी लावली. रब्बी ज्वारीसाठी मातीची खोली ३० सेंटिमीटरपर्यंत असेल तर जमीन हलकी, ६० च्या पुढे भारी; आणि हलकीसाठी ‘फुले अनुराधा’ हे वेगळं वाण काढलं. दीड वीत मातीला नावं ठेवण्याऐवजी कुणीतरी तिच्यासाठी बियाणं शोधत बसलं, याचं मला अजूनही फार बरं वाटतं.

कारण एरवी आपल्याकडे सगळा मान वजनाला. माणूस वजनदार हवा, शब्दाला वजन हवं. कागदावर वजन ठेवलं की तो जागचा हलत नाही, असं शाळेत वाटायचं. मोठेपणी कळलं, काही कागद वजन ठेवल्यावरच हलतात. बिचाऱ्या हलक्याच्या वाट्याला मात्र हलक्या कानाचा, हलक्या मनाचा, हलकं बोलणं अशी उष्टीखरकटी. आणि गंमत अशी, की दिवसभर वजन सांभाळून घरी आलेला हाच माणूस रात्री ‘आज काहीतरी हलकंच कर’ म्हणतो, आणि दवाखान्यात सुई टोचून घेताना मनातल्या मनात प्रार्थना करतो की बाईंचा हात हलका असू दे.

पावसाचंही तसंच. आमचा बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत, त्यामुळे ‘हलक्या ते मध्यम स्वरूपाचा’ हे शब्द आम्हांला नात्यातल्या माणसासारखे पाठ आहेत. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला की तो हलका. एवढ्यानेही हलकं रान खूश होतं. पाणी मुरतं, वाफसा लगेच येतो, पाभर चालू लागते. भारी रान मात्र पाऊस झाल्यावर कितीतरी दिवस रुसून बसतं, आत जाऊ पाहणाऱ्याची चप्पल ठेवून घेतं. हलक्या रानाची आठवण आखूड, हे कबूल. आठ दिवस ऊन पडलं की त्याला पावसाची ओळखही उरत नाही. पण भारी काळी माती मनात ठेवते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडते, आणि तिच्यावर घर बांधलं की एक दिवस भिंतीला तडा जातो. म्हणून पाया खणणारा गवंडी मुरूम लागेपर्यंत थांबत नाही. ज्या मुरमाला सोयरिकीत कुणी विचारत नाही, त्याच्याच भरवशावर सोयरिकीचं घर उभं राहतं.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. कोकणातून येणारा वारा त्या आत वळलेल्या कड्यावर आदळून वर उसळतो. कड्यावरून दगड पडला तर गेला तो गेलाच. कुणाची टोपी उडाली, तर वारा ती पुष्कळदा परत आणून देतो. (मुद्दाम टाकून बघू नये. खाली माणसं राहतात.)

आणि नगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे बरेचसे वजनदार पुढारी इथे आणून ठेवले होते. नेहरूंनी इथे भारताच्या शोधाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. मौलाना आझाद मात्र पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करत आणि एका मित्राला पत्रं लिहीत, जी पाठवायची सोयच नव्हती. त्यांतल्या काही पत्रांचा विषय चक्क चिमण्या. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांवर काँग्रेसचे अध्यक्ष छत्री घेऊन धावून गेले, हरले, आणि मग तांदळाचे दाणे ठेवून त्यांच्याशी तह केला. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कोलकात्यात वारल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला त्यांनी नकार दिला होता. तेही त्यांनी त्या न पाठवलेल्या पत्रांतच लिहिलं. १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली. गुबार म्हणजे धूळ, मनात साचलेली. मन हलकं करायला माणसाला उत्तर लागतंच असं नाही, कागद पुरतो. दोन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत. नेहरूंचं मी मान देऊन फळीवर ठेवलं आहे, आझादांचं उशाशी.

तर थंडीत कधी नगरकडे आलात, तर भारी रानातला ऊस तुम्हांला रस्त्यारस्त्यावर, ट्रॉलीत भरून, न मागता दिसेल. तुम्ही हलक्या रानातल्या बाजरीची भाकरी मागून घ्या, वर लोण्याचा गोळा. फक्त दुपारी कसलं काम ठेवू नका. रान हलकं असलं तरी ती पोटाला चांगलीच भारी असते.